फ्रायरचं तेल : त्या मेसेजबद्दल खुलासा

"फ्रायरमध्ये तेल जळत नाही, नुसतं गाळून महिनाभर वापरा" असा मेसेज आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. गराडूच्या (इथे हिवाळ्यात तळून खातात त्या कंदाच्या) दिवसांत मीही तो पुढे ढकलला होता, चूक झाली.

थर्मोस्टॅट तेल १८०-१९० अंशांवर रोखतो, एवढं खरं. पण उष्णता, हवा आणि गराडूतलं पाणी यांनी ते तिथेही बिघडतंच. गाळून जळका चुरा निघतो, तेलात विरघळलेली पोलर संयुगं, म्हणजे तेल बिघडताना त्यात तयार होणारे पदार्थ, नाहीत. एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं. माझ्या तेलावर न विरणारा बारीक फेस आला, जाळीला चिकट थर बसला, तेव्हा कळलं. तीन लिटर टाकून देताना जीव कळवळला, हेही खरं!

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.