सही केली म्हणजे अडकलो, असं नाही

‘दवाखान्यात कागदावर सही घेतात, औषधाचा प्रयोग करतात, मग सुटका नाही,’ असा मेसेज सोलापुरात विडी कामगार बायकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. ऑपरेशनच्या संमतीचा कागद वेगळा, नव्या औषधाच्या चाचणीचा (क्लिनिकल ट्रायलचा) वेगळा. अशा चाचण्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या 2019च्या नियमांनुसार चाचणीत यायचं की नाही हे तुम्हीच ठरवता. मधेच कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार थांबत नाहीत. माहितीपत्रक तुम्हाला समजेल त्या भाषेत हवं, मग ती मराठी असो, तेलुगू की कन्नड. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर समजावून सांगावं लागतं, मगच अंगठा. कुणी घाई केली तर सरळ म्हणा, ‘लेकीला दाखवून उद्या सांगते.’ चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत आणि भरपाईही.