गुडघा दुखतोय म्हणलं की लगेच 'नाटकं'?

आज सकाळी ग्राउंडवर जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाहीये. खो-खोची प्रॅक्टिस, सातवीतली असेल एक मुलगी, सरांना म्हणाली गुडघा दुखतोय. सर म्हणाले नाटकं नकोत, वीस बेडूकउड्या मार. आणि तिनं मारल्या, शेवटच्या पाच-सहा तर रडत रडत. कडेला आम्ही पालक उभे, कोणी चकार शब्द काढला नाही. मी पण नाही.

मला तोंडच नव्हतं खरं तर. दोन वर्षांपूर्वी आमचा चिरंजीव बारा वर्षांचा, दिवाळीत घेतलेली पँट शिमग्यापर्यंत घोट्याच्या वर, रोज दोन तास खो-खो, आणि खो मिळाला की उठताना कळ येते म्हणायचा. मी काय म्हणलं? मोबाईल बघताना बरा दुखत नाही! सासूबाई तेल चोळायच्या, वाढीचं दुखणं म्हणायच्या. मग एक दिवस देवापुढे गुडघे टेकले आणि "आई गं" करून उठला. वाटीच्या खाली दोन बोटांवर सुपारीएवढं टेंगूळ, हात लावू देईना.

डॉक्टरांनी अंगठ्यानं तिथेच दाबलं, एक्स-रे पण काढला नाही. ऑसगुड-श्लॅटर. बोस्टनच्या ऑसगुडनी आणि झुरिकच्या श्लॅटरनी 1903 मध्येच लिहून ठेवलंय, आणि आपल्याकडे अजून 'नाटकं'!! अहो पोरं भराभर उंच होत असतात, मांडीचा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीला जिथे धरतो ती जागा अजून कच्ची असते, कूर्चेची, आणि पळा, उड्या मारा, उकिडवं बसून झटकन उठा, दरवेळी ओढ बसते ती तिथेच. त्यावर औषध म्हणून बेडूकउड्या? कमाल आहे.

हो, काही पोरं बहाणे करतात, माहितीये. सर पण तुटपुंज्या मानधनावर उन्हात उभे असतात, तेही मान्य.

पण खेळ कायमचा सोडा असं कोणीच म्हणत नाहीये. आम्ही उड्या कमी केल्या, दुखलं की थांबायचं, मांडीचं स्ट्रेचिंग, आणि रात्री फ्रीजरमधलं मटारचं पाकीट फडक्यात गुंडाळून गुडघ्यावर, तेच मटार चार महिने, भाजी काही झाली नाही त्यांची. हाड पक्कं झालं की बहुतेक पोरांचं हे थांबतं. मात्र झोपेतून उठवेल असं दुखत असेल, ताप, सूज, लंगडणं असेल तर घरी बसू नका, कधीकधी दुखणं खुब्याचं असतं आणि कळ येते गुडघ्यात.

आता खेळतोय तो. टेंगूळ आहेच, राहील म्हणाले डॉक्टर, दुखत नाही. मला मात्र दिसलं की ते मोबाईलचं वाक्य आठवतं.

मघाशी जेवताना त्याला आजचं सांगितलं तर म्हणाला, "मग तू सरांना काय म्हणालीस?"

उद्या साडेसहाला जातेय ग्राउंडवर. त्या मुलीच्या आईचा नंबर कोणाकडे असेल तर इनबॉक्स करा प्लीज.