येशूच्या दोन वंशावळी आणि घाईने काढलेला निष्कर्ष

बायबलच्या नव्या करारातील मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील येशूच्या वंशावळींविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मत्तयाला पिढ्या नीट मोजता आल्या नाहीत, दोघांनी येशूची आई मरीया हिचा नवरा योसेफ याला दोन वेगळे बाप दिले, येशू कुमारीपासून जन्मला म्हणजे योसेफ जन्मदाताच नसल्याने त्याचे कूळ सांगणे व्यर्थ आहे, आणि हा सारा खटाटोप घराण्याचा मोठेपणा मिरवण्यासाठी होता. यातील काही निरीक्षणे खरी आहेत, पण त्यांवर उभारलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

मोजणीचे पाहू. यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यापासून दावीद राजापर्यंत, दाविदापासून बाबेलच्या देशांतरापर्यंत (म्हणजे यहूद्यांना बंदी करून बाबेलला नेले तोपर्यंत) आणि तेथून ख्रिस्तापर्यंत प्रत्येकी १४ पिढ्या झाल्या असे मत्तय सांगतो, आणि सरळ हिशेबाने शेवटच्या टप्प्यात १३ च भरतात, हे मान्य. परंतु मधल्या टप्प्यात त्याने योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे सरळ गाळले आहेत, आणि ही नावे जुन्या करारातील ‘१ इतिहास’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात क्रमाने दिलेली असल्यामुळे यहूदी शास्त्र जाणणाऱ्या लेखकाकडून ती नजरचुकीने सुटली असे मानणे कठीण आहे. त्याला नोंदवही भरायची नव्हती. दावीद आणि देशांतर हे दोन टप्पे ठळक करायचे होते.

योसेफाचा बाप मत्तयात याकोब आहे आणि लूकमध्ये एली; एक यादी दाविदाचा मुलगा शलमोन याच्या शाखेतून येते, तर दुसरी दाविदाचाच आणखी एक मुलगा नाथान याच्या शाखेतून. यावर, लूकची यादी मरीयेची आहे, असे ठरावीक उत्तर दिले जाते. ते मला पटत नाही, कारण लूक तेथे मरीयेचे नावही घेत नाही. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने वेगळा खुलासा सुचवला होता: निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी लग्न करण्याच्या यहूदी नियमामुळे एकाच मुलाला जन्मदाता आणि कायदेशीर असे दोन बाप असू शकत. हा खुलासा सिद्ध करता येत नाही. मात्र आज मोठा शोध म्हणून मांडली जाणारी विसंगती चर्चला तेव्हापासून ठाऊक होती आणि तरीही दोन्ही याद्या जशाच्या तशा जपल्या गेल्या, एवढे त्यावरून नक्की कळते.

तिसरा आक्षेप तर मूळ मजकूर न वाचताच घेतलेला दिसतो. ‘अमक्याला तमका झाला’ हा साचा मत्तय योसेफापाशी स्वतःच मोडतो आणि येशू मरीयेपासून जन्मला असे लिहितो. लूकही ‘लोक समजत त्याप्रमाणे’ योसेफाचा पुत्र, अशी पुस्ती जोडतो. वारसा रक्तावरच ठरतो असे दोघांनीही गृहीत धरलेले नाही. मत्तयात देवाचा दूत योसेफाला ‘दाविदाच्या पुत्रा’ अशी हाक मारून बाळाचे नाव ठेवायला सांगतो, आणि नाव ठेवून योसेफ त्याला आपला म्हणून स्वीकारतो.

राहिला घराण्याच्या मोठेपणाचा आरोप. कुळाच्या शुद्धतेला महत्त्व होते, यात शंका नाही. बंदिवासातून परतलेल्यांपैकी ज्या याजक घराण्यांना वंशावळीत आपली नोंद सापडली नाही, त्यांना याजकपदापासून दूर ठेवल्याचे जुन्या करारातील एज्रा या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आले आहे. अशा समाजापुढे मत्तय आपल्या यादीत मरीयेखेरीज चार स्त्रिया घेतो. तामारने वेश्येचे सोंग घेऊन सासऱ्यापासून मुले मिळवली. राहाब यरीहो शहरातली वेश्या. रूथ मवाबी, म्हणजे मवाब या परक्या देशातली, आणि मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये असे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा तेविसावा अध्याय बजावतो. हीच रूथ दाविदाची पणजी. चौथीचे नाव बथशेबा, पण मत्तय ते लिहीत नाही. तो ‘उरीयाची बायको’ म्हणतो, म्हणजे दाविदाने जिच्या नवऱ्याला मारवले त्या नवऱ्याचे नाव तो राजघराण्याच्या यादीत कायमचे बसवतो. मोठेपणाच मिरवायचा असता तर सारा, रिबका आणि लेआ या मान्यवर कुलमाता हाताशी होत्या. त्यांपैकी एकीचेही नाव त्याने घेतलेले नाही.