पाच मिनिटं बसवा आणि परत खेळवा? नका हो असलं काही फॉरवर्ड करू

शनिवारी भाच्याच्या मॅचमध्ये एका उंच बॉलसाठी तो आणि समोरचा डिफेंडर एकदमच उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. भाचा १२ वर्षांचा. पडला, उठला, गुडघ्याची माती झटकली, "मी ठीक आहे" म्हणाला. दोन मिनिटांनी मला विचारतो, मामा, स्कोअर काय झाला? सांगितला. परत विचारला, परत सांगितला. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी खाली बसून सरळ त्याचे बूट काढून घेतले. आणि तेवढ्यात बहिणीनं मोबाईल पुढे केला, "दादा, हे बघ ना, बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही नसतं म्हणे." पालकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज, 'प्रत्येक फुटबॉल पालकाने वाचा', सहा मुद्दे, खाली ना नाव ना गाव.

तर पहिला मुद्दा: बेशुद्ध झाला नाही तर कन्कशन (म्हणजे डोक्याला मार लागून मेंदू हादरणं) नाही. साफ चूक. कन्कशन झालेल्यांपैकी बहुतेक जण बेशुद्ध होतच नाहीत, साधारण दहातला एखादाच होतो. २०१४ ची वर्ल्ड कप फायनल आठवा. जर्मनीच्या क्रामरला १७ व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या गारायची धडक बसली, उठला, खेळत राहिला, आणि मग रेफरीला जाऊन विचारतो की ही फायनलच आहे ना? रेफरीला वाटलं गंमत करतोय. ३१ व्या मिनिटाला त्याला बाहेर काढला. म्हणजे जगातली सगळ्यात मोठी मॅच, बाजूला डॉक्टरांची फौज, तरी इतका वेळ गेला, आणि आपण इथे 'उठून उभा राहिला ना' यावर पोरांना आत ढकलायचं?

दुसरा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. "डोक्यावर पाणी मारा, पाच मिनिटं बसवा, बरं वाटलं की परत पाठवा, नाहीतर मूल भित्रं होतं." अरे काय हे! मेंदू हादरल्यावर काही दिवस नाजूक अवस्थेत असतो, त्यात दुसरा मार बसला, अगदी हलका का असेना, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. क्वचित होतं, मान्य, पण होतं ते जास्त करून कोवळ्या वयातल्या मुलांना, आणि झालं की जीवावर बेततं. अमेरिकेत २००६ साली झॅकरी लिस्टेट नावाचा १३ वर्षांचा मुलगा, त्यांच्याकडच्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये, डोक्याला मार लागल्यावर थोडा वेळ बाहेर बसला आणि त्याच मॅचमध्ये परत उतरला. मॅच संपता संपता कोसळला, मेंदूची तातडीची सर्जरी, महिनोन्‌महिने बोलता येईना. त्याच्या नावानं २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं कायदा केला: शंका आली की मुलाला बाहेर काढायचं, आणि लेखी मेडिकल परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. मुलगा भित्रा होईल म्हणे. होऊ दे की.

आणि गंमत म्हणजे त्याच मेसेजचा सहावा मुद्दा काय, तर कन्कशन झालंच तर आठ दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवा! आधी पाच मिनिटांत खेळवा, मग आठ दिवस कोंडा, लिहिणाऱ्याला स्वतःचंच वर काय लिहिलंय ते आठवेना बहुतेक. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला खेळांतल्या कन्कशनवर जगभरचे तज्ज्ञ जमले होते, त्यांचं एकमताचं निवेदन २०२३ ला छापून आलं, मी बहिणीला तेच वाचायला लावलं. त्यात स्वच्छ आहे की पहिले एक-दोन दिवस आराम, स्क्रीन कमी, पण घरात हिंडणं-फिरणं चालतं, आणि मग हळूहळू व्यायाम वाढवायचा. कडक अंधारकोठडीनं फायदा होत नाही.

तिसरा, रात्रभर झोपू देऊ नका. डॉक्टरांनी तपासलंय आणि काही गंभीर दिसत नाहीये, तर झोपू द्या त्याला, झोपेनंच बरं वाटतं. फक्त जवळ कुणीतरी असू द्या. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, एकाचे दोन दिसणं, मान दुखणं, उठवल्यावर नीट जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर मात्र थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

चौथा, हेडगार्ड (डोक्याभोवतीची फोमची पट्टी) घाला आणि रोज हेडिंगची, म्हणजे डोक्यानं बॉल मारायची, प्रॅक्टिस करा म्हणजे कवटी टणक होते. हेडगार्डनं खोक पडणं, टेंगूळ येणं कमी होत असेल, तेवढं देतो. पण मेंदू आतल्या आत हलतो त्याला बाहेरचा फोम काय करणार? आणि कवटी टणक करायला ते काय लोहाराचं दुकान आहे? अमेरिकेच्या सॉकर फेडरेशननं २०१५ मध्येच १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं, इंग्लंडनं २०२० मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या ट्रेनिंगमधून काढलं.

पाचवा, डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. कन्कशन दिसत नाही. पुढे.

एक वाक्य मात्र त्यात खरं आहे, नाइलाजानं सांगतो: 'बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.' होतात, चारेक आठवड्यांत. पण नीट सांभाळलं तर होतात, हे लिहायचं राहिलं वाटतं.

भाचा आता हळूहळू खेळात परतायच्या तिसऱ्या पायरीवर आहे, अशा एकूण सहा असतात आणि प्रत्येकीला कमीत कमी एक दिवस, त्रास वाढला की एक पायरी मागे. शाळेत जायला लागलाय, एकटाच बॉल घेऊन पळतो, हेडिंग नाही, टॅकल नाही. इतर मुलांबरोबर उतरायच्या आधी डॉक्टरांकडे जायचंय. बूट अजून माझ्याच गाडीच्या डिकीत आहेत, रोज फोन करून विचारतो.