मास स्पेक लॅबला सॅम्पल द्यायची शास्त्रशुद्ध पद्धत

डिपार्टमेंटात नवीन बॅच आलीये आणि मास स्पेकला, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनला, सॅम्पल कसं द्यायचं हे आम्हाला कोणी नीट सांगतच नाही अशी त्यांची तक्रार कानावर आली. खरंय. सगळं सीनियर लोकांकडे बघून बघून उचलावं लागतं. तर म्हटलं ही थोर परंपरा एकदाची लिहून काढावी, कोणाची अडचण नको व्हायला.

सुरुवात लेबलपासून. वायलवर, म्हणजे सॅम्पलच्या छोट्या बाटलीवर, फक्त "१" लिहायचं, फार तर "१ नवीन". आणि मार्करनेच लिहायचं, म्हणजे मेथॅनॉलचा एक थेंब ओघळला की तेवढंही पुसलं जातं आणि कुठली वायल कोणाची हे ऑपरेटरच्या अंतर्ज्ञानावर सोडता येतं.

सॅम्पल सढळ हाताने द्या. मिलिलिटरमागे एखादा मायक्रोग्रॅम पुरे, १० म्हणजे चैन, असं ऑपरेटर म्हणेल पण ही जमात मुळातच चिक्कू. तुम्ही स्पॅट्युलाचं टोक भरून टाका, सोल्युशनला चांगला रंग आला पाहिजे, तळाशी थोडं न विरघळलेलं राहिलं तर उत्तमच. फिल्टर अजिबात करू नका. ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावणं म्हणजे स्वतःच्या केमिस्ट्रीवर अविश्वास दाखवणं. सॅम्पलमधले घटक वेगळे करणारी बारीक नळी, म्हणजे कॉलम, चोक होऊन प्रेशर लिमिटला गेलं आणि पंप बंद पडला तर पंप जुनाच होता. आणि तुमच्यानंतर नंबर लागलेल्यांच्या ब्लँकमध्ये, म्हणजे सॅम्पल न घालता केलेल्या रनमध्येसुद्धा, तुमचंच कंपाउंड दिसत राहिलं तर बिघडलं काय, प्रसिद्धीच आहे ती.

बफर फॉस्फेटच घ्या. दारावर कागद लावलाय की अमोनियम ॲसिटेट किंवा अमोनियम फॉर्मेट अशी उडून जाणारी बफरंच चालतील, पण तो कागद दाराच्या शोभेसाठी आहे. फॉस्फेट उडत नाही, सोर्समध्ये, म्हणजे सॅम्पलचे विद्युतभारित कण (आयन) होतात त्या भागात, पांढरा थर धरून बसतं, सोर्स घासणारी माणसं लॅबमध्ये ठेवलेलीच आहेत. वर त्यातल्या मिठामुळे तुमच्या मुख्य पीकच्या, म्हणजे आलेखातल्या टोकाच्या, २२ पुढे सोडियमचा आणि ३८ पुढे पोटॅशियमचा पीक येतो, तो बघून गाईडला लगेच मेल टाका की नवीन साइड प्रॉडक्ट सापडलंय.

नॅफ्थलीनचे आयन इलेक्ट्रोस्प्रेने, म्हणजे सोल्युशनचा विद्युतभारित फवारा मारून, सहसा होत नाहीत, तरी तेच इलेक्ट्रोस्प्रेला द्या आणि पीक आला नाही की मशीनची सेन्सिटिव्हिटी गेलीये असं कॉरिडॉरमध्ये सांगत फिरा.

आता मासचा हिशोब. स्ट्रक्चर काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्झॅक्ट मास आणि मॉलिक्युलर वेट असे दोन आकडे शेजारी शेजारी येतात, त्यातलं मॉलिक्युलर वेट, म्हणजे सगळ्या आयसोटोपची सरासरी, उचलायचं. कंपाउंडमध्ये एक ब्रोमीन असेल तर जास्तच मजा, कारण मशीनला ७९ आणि ८१ वेगवेगळे दिसतात, साधारण सारख्या उंचीचे दोन पीक दोनच्या अंतराने उभे राहतात आणि तुमचा सरासरी आकडा त्यांच्या मधल्या खड्ड्यात पडतो. अशा वेळी ठामपणे म्हणायचं, "सर, मशीन कॅलिब्रेट नाहीये." निऑनचं वजन २०.२ असं अधलंमधलं का भरतं याचा निकाल ॲस्टनने १९१९ सालीच मास स्पेक्ट्रोग्राफ बांधून लावला होता, २० आणि २२ असे दोन वेगळे आयसोटोप दाखवून, १९२२ ला नोबेलही घेऊन झालं, पण इतकी ताजी बातमी आपल्या मजल्यापर्यंत पोचायला वेळ हा लागणारच. जाता जाता, आयनचा मास काढताना निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनचं वजनही वजा करू नका, ०.०००५५ ने काय होतंय. मास २०० च्या आसपास असेल तर तेवढ्याने पावणेतीन पीपीएम, म्हणजे दहा लाखांत पावणेतीन भाग, जातात, आणि जर्नलवाले एरर ५ च्या आत मागतात, पण ते त्यांचं बघून घेतील.

पेपरच्या रिव्हिजनची शेवटची तारीख उद्या असेल तर आज संध्याकाळी या, लॅब बंद करायच्या वेळेला. "दादा, एकच रन आहे, पाच मिनिटांचं काम." रिव्ह्यूअरने एचआरएमएस, म्हणजे अचूक मास, कधीचं मागितलंय हे मात्र सांगू नका.

जेलवर वेगळी झालेली प्रोटीनची पट्टी, म्हणजे जेल बँड, उघड्या हातांनी कापा. केरॅटिनचा, म्हणजे कातडीतल्या प्रोटीनचा, डेटा इतका सुंदर येतो की स्वतःच्या कातडीवर एक पेपर सहज होईल. हाताला क्रीम लावून आलात तर सोन्याहून पिवळं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. फॉर्म. त्यात "बफर, डिटर्जंट, इतर ॲडिटिव्ह" असा एक रकाना असतो, तिथे "काही नाही" असं लिहायचं. नेहमी. सॅम्पलमध्ये काहीही असो. नुकतंच एका थोर विद्यार्थ्याने हे करून दाखवलं. सेल लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा रस, आणलं, फॉर्मवर लिहिलं पाणी आणि मेथॅनॉल, ॲडिटिव्ह काही नाही. सॅम्पल लावलं तर पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचे तुकडे, कुठेच नाहीत आणि स्क्रीनभर कंगव्याच्या दात्यांसारखे पीक, प्रत्येक दात्यात अंतर ४४.०२६. ज्याने मास स्पेकवर एक वर्ष काढलंय त्याला हा आकडा झोपेत उठवून विचारला तरी सांगता येतो, इथिलीन ऑक्साइडचं एकक, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल नाहीतर त्याची शेपटी असलेलं डिटर्जंट. विचारलं तर म्हणे हो, पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये ट्रायटन एक्स-१०० होतं, पण थोडंसंच होतं.

थोडंसंच! अहो हे पाण्यासारखं वाहून जात नाही, ट्यूबिंगला, निडलला, कॉलमला सगळीकडे चिकटून बसतं आणि प्रत्येक रनमध्ये हळूहळू सुटत राहतं, आणि आयन व्हायला इतकं उतावळं की दुसऱ्या कशाला पुढे येऊच देत नाही, तुमचं प्रोटीन असेलही तिथे, पण दिसणार नाही. आयसोप्रोपॅनॉल सोडून सोडून थकलो, ब्लँकवर ब्लँक, कंगवा तिथेच. कॉलम फेकला. सोर्स उघडला, कॅपिलरी सॉनिकेट केली, परत लावली, कंगवा तिथेच, जरा बारीक झालेला. शेवटी मशीन व्हेंट करून आयनांना वाट दाखवणारे आतले आयन गाईड काढून साफ करावे लागले. व्हेंट करणं म्हणजे काय हे माहितीये का कोणाला? व्हॅक्यूम करणारे टर्बो पंप थांबवायचे, आत हवा सोडायची, आणि सगळं परत जोडल्यावर व्हॅक्यूम खाली उतरायची वाट बघत बसायचं, ऑर्बिट्रॅपला, म्हणजे आतल्या मास मोजणाऱ्या भागाला, १० चा उणे १० वा घात टॉर इतका खालचा व्हॅक्यूम लागतो, तो बटण दाबून येत नाही, रात्र जाते, मग बेकआउट, म्हणजे तापवून आतली ओल घालवणं, मग कॅलिब्रेशन. तोपर्यंत रांगेतले सगळे ताटकळत. त्यात एकीचे थीसिसचे शेवटचे सॅम्पल होते, तिने फॉर्म अगदी काटेकोर भरला होता, बफरच्या मोलॅरिटीसकट, आणि थांबली कोण? तीच.

आणि मशीन अजून पंप होत असताना मेल काय यावी, "रिपोर्ट कधी मिळेल?"

खोटं का लिहिलंस म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "सीनियर म्हणाले डिटर्जंट लिहिलं की सॅम्पल घेत नाहीत."

अरे नाहीच घेत! नाहीच घ्यायचं असतं ते! पण लिहिलं असतंस तर नुसतं नाही म्हणून हाकललं नसतं ना तुला, ॲसिटोनने प्रोटीन पाडून घे म्हटलं असतं, डिटर्जंट काढायचे स्पिन कॉलम मिळतात ते दाखवले असते, नाहीतर सरळ डिऑक्सिकोलेट हे डिटर्जंट वापर म्हटलं असतं, ॲसिड टाकलं की ते खाली बसतं, सेंट्रिफ्यूज करायचं, विषय संपला. अर्ध्या दिवसाचं काम. ते नको म्हणून एक शब्द खोटा लिहायचा आणि बाकीच्यांची कामं खोळंबवायची. वर पेपर लिहिताना "एलसी-एमएस डेटा मिळवण्यात आला". कोणी मिळवला? आपोआप मिळाला? आभारात निदान लॅबचं नाव तरी टाका, तेही नाही.

तर आता उपरोध वगैरे पुरे. नवीन मुलांनो, सॅम्पलमध्ये काय आहे ते फॉर्मवर लिहायचं. सगळं. माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहायचं, किटच्या बफरमध्ये काय असतं ते कंपनी सांगत नसेल तर किटचं नाव लिहायचं, मी शोधतो. यापुढे "काही नाही" लिहिलेल्या फॉर्मसोबत लायसेट आलं तर ते ट्रेमध्ये जाणार नाही, कोणाच्याही गाईडचा फोन आला तरी. आणि ज्याने ट्रायटन टाकलं त्याला सांगतो, नवीन कॉलमचं बिल तुझ्या गाईडच्या ग्रँटवर टाकायची मेल मी केली आहे, तुला सीसीमध्ये ठेवलंय, आणि तुझं सॅम्पल फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात आहे, येऊन घेऊन जा.