थोडा सराव करून यावे

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावी जलसंधारणाच्या श्रमशिबिराला स्वयंसेवक म्हणून जाण्याचे मी ठरविले, त्यात त्याच जिल्ह्यातील बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमछावणीविषयी महाविद्यालयात असताना ऐकलेल्या हकिकतींचा वाटा मोठा होता. मात्र कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एखादी गोष्ट ठरविणे आणि ती पेठभर होणे यांत फारसे अंतर नसते. बँकेच्या खुर्चीत जन्म काढलेला गृहस्थ कुदळ मारायला विदर्भात निघाला आहे, तोही उन्हाळ्यात, ही वार्ता तिन्हीसांजेपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर पोहोचली होती.

आयोजकांचे सूचनापत्रक एका पानाचे होते. ताट, वाटी, पेला, अंथरूण-पांघरूण, विजेरी, टोपी, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, बंद बूट, आपापली औषधे आणि ओळखपत्र एवढे सोबत आणावे. कुदळी, फावडी व घमेली शिबिरात मिळतील. इथवर सारे निर्धोक होते. परंतु सर्वांत शेवटी एक ओळ होती : ‘शारीरिक श्रमाचा थोडा सराव करून यावे.’ माझ्या चिरंजीवांनी ती मोठ्याने वाचली आणि स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला.

“अहो, मग माळ्यापासूनच सुरुवात करा की,” सौभाग्यवती म्हणाल्या.

दिवाळीपासून मी ज्याला बगल देत आलो होतो तो माळा, गच्चीवरची पाण्याची टाकी, आईच्या खोलीतले शिसवी कपाट आणि परसातला जुन्या फरश्यांचा ढीग ही सगळी कामे त्या एका ओळीच्या आधाराने ‘सराव’ ठरली. कपाट पूर्वेच्या भिंतीला नेऊन झाल्यावर आईला ते पूर्वीच्याच जागी बरे वाटले. “तुझाच सराव होतोय रे,” ती मायेने म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅसचे भरलेले सिलिंडर जिन्यातून वर नेण्याची संधी मला आवर्जून दिली.

वातावरण थोडे उदात्त करावे म्हणून एका रात्री जेवताना मी पिएर सेरेसोल यांची गोष्ट सांगितली. या स्विस अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांतील मूठभर स्वयंसेवक जमवून पहिले श्रमशिबिर भरविले आणि पुढे १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारमध्येही पुनर्वसनाच्या कामासाठी येऊन राबले. त्यांचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते, हेही मी ओघात सांगून बसलो.

“बघा,” सौभाग्यवती म्हणाल्या, “राष्ट्राध्यक्षाचा मुलगा फावडं उचलतो, आणि इथं टाकी घासायला दोन रविवार लागतात.”

खरा सराव मात्र तालमीत झाला. वस्तादांनी मला निरोप धाडून बोलावले. त्यांनी कोपऱ्यातली एक कुदळ काढली, तिचे पाते हलवून पाहिले आणि पात्याकडची बाजू खाली करून ती पाण्याच्या बादलीत उभी केली. “रातभर भिजू दे. लाकूड फुगलं की पातं गच्च बसतंय. न्हाईतर पहिल्याच घावाला पातं एकीकडं आन् सायेब एकीकडं.” दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरविले. ताक, तेल आणि लिंबू मुरलेली ती तांबडी माती वरून गुलालासारखी मऊ दिसत असली, तरी कुस्त्यांनी तुडवून तुडवून ती खाली चांगलीच घट्ट झालेली असते. “कुदळ जोर लावून मारायची नसती,” वस्ताद म्हणाले. “आपण फक्त वर न्यायची, खाली ती आपल्या वजनानं येती. आन् घमेलं उचलताना गुडघं वाकवा, कंबर न्हवं.” इतके नेमके शिक्षण मला बँकेच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळालेले नाही. हौदाचा एक कोपरा खणून होईपर्यंत माझ्या तळहातांवर फोड आले, आणि कट्ट्यावर बसलेली पैलवान पोरे अत्यंत आदराने पाहत होती. त्या दिवशी हौद खणण्याची पाळी मुळात त्यांची होती, हे मला नंतर कळले. आठवडाअखेर हौद पूर्ण खणून झाला, फोडांचे घट्टे झाले आणि वस्तादांनी शिबिराची तारीख पुढे ढकलता येते का, याची चौकशी केली.

आकडेमोड हा माझा पिंड असल्यामुळे मी हिशेबही करून पाहिला. पावसाचे पाणी अडविण्यासाठी उतारावर आडवे खणले जाणारे सलग समतल चर सहसा ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खणतात. सहा मीटर लांबीला एक घनमीटरहून अधिक माती निघते, आणि तिचे वजन दीड टनाच्या आसपास भरते. हा कागद मी घरात कोणाला दाखविला नाही. फरश्यांचा ढीग अजून शिल्लक होता.

बुटांचे प्रकरण लवकर आटोपले. पापाच्या तिकटीवरच्या ज्या दुकानातून आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापशी चपला येतात, तिथे मी बंद बूट कुठे चांगले मिळतील असे विचारले, तेव्हा मालकांनी घरात सुतक असल्यासारखा चेहरा केला. नवे बूट शिबिरात चावू नयेत म्हणून ते आधीच पायात मुरवावे लागतात. त्यासाठी रंकाळ्याला फेऱ्या घातल्या, आणि त्या फेऱ्यांत भेटलेल्या प्रत्येकाने विदर्भातल्या उन्हाविषयी सहानुभूती व्यक्त केली. आमच्या डॉक्टरांनी मागचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे उलटल्याची खात्री करून धनुर्वाताची लस टोचली आणि जलसंजीवनीचे माप पाठ करून घेतले : एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

सामान बांधताना मात्र सूचनापत्रक कोणी विचारात घेतले नाही. चिरंजीवांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराच्या अनुभवावरून ‘दोर आणि साबण जास्त न्या, बाकी सगळं कोणाकडे तरी असतं’ असा शहाणा सल्ला दिला होता. तो आईने खोडून काढला. तिकडचे तिखट आपल्याला मानवणार नाही, असे तिचे म्हणणे. सावजी रश्श्याच्या मुलखात कोल्हापूरकराला तिखट कमी पडेल की जास्त होईल, हे तिने स्पष्ट केले नाही, पण कांदा-लसूण चटणीची बरणी आत गेली. तिच्यामागून भडंगाचा डबा, गुळाच्या ढेपेचा तुकडा, धपाटी, आणि शिबिरातल्या ‘बिचाऱ्या पोरांसाठी’ काकूंनी पाठविलेले बेसनाचे लाडू आले. अंथरूण काढून ठेवल्याशिवाय चेन लागेना.

कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याने ताणकाट्याला लावल्यावर बॅग एकवीस किलो भरली. एवढे ओझे खांद्यावर घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून वर्ध्याला उतरायचे आणि पुढे एसटीने जायचे, असे मी काकुळतीने सांगत होतो. त्यात चिरंजीवांनी मोबाइलमध्ये पाहून शयनयानाच्या प्रवाशाला चाळीस किलो सामान मोफत नेता येते, अशी माहिती पुरविली.

“म्हणजे अजून एकोणीस किलो,” सौभाग्यवती म्हणाल्या आणि चकलीचा सोऱ्या शोधायला आत गेल्या.