ऑस्करचा अंदाज बांधताना मी तिसऱ्या क्रमांकाचं नाव आधी शोधते

ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की आमच्या ग्रुपवर याद्या यायला लागतात. प्रत्येक विभागासमोर एक नाव, आणि खाली ‘पैज लावा’. माझ्या वहीत मात्र प्रत्येक विभागासमोर दोन रकाने असतात. एक ‘मिळेल’ आणि दुसरा ‘मिळायला हवं’.

2019 पर्यंत माझ्याकडेही एकच रकाना होता. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटासमोर मी ‘रोमा’ लिहिलं, कारण तो मला आतपर्यंत भिडला होता. अल्फोन्सो क्वारोनला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, छायाचित्रणाचं मिळालं, परभाषिक चित्रपटाचंही ‘रोमा’लाच मिळालं. आणि शेवटच्या पाकिटातून नाव निघालं ‘ग्रीन बुक’. वाईट वाटलंच. पण त्यापेक्षा प्रश्न जास्त छळत राहिला. ज्यांनी त्याच रात्री ‘रोमा’ला तीन पुतळे दिले, तीच माणसं चौथ्याला दुसरीकडे कशी गेली?

उत्तर मतपत्रिकेत होतं, आणि ते कळल्यापासून मी अंदाज बांधण्याची सगळी पद्धतच बदलली.

बाकीच्या विभागांत हिशेब सरळ आहे. एक मत, आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजेता. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं तसं नाही. तिथे मतदार चित्रपटांना पसंतीक्रम देतो, पहिला, दुसरा, तिसरा असा. आधी फक्त पहिल्या पसंतीची मतं मोजतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मतांचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. मग पुन्हा मोजणी, पुन्हा एक चित्रपट बाद. कुणीतरी निम्मा टप्पा ओलांडेपर्यंत हे चालू राहतं.

आता विचार करा. एका चित्रपटावर तीस टक्के लोक जीव टाकतात, पण उरलेल्यांपैकी बरेच जण त्याला आठव्या-नवव्या जागी ठेवतात. दुसऱ्याला पहिली पसंती वीस टक्केच, पण जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर तो दुसरा किंवा तिसरा आहे. एकेक चित्रपट गळत गेला की दुसऱ्याच्या ढिगात भर पडत जाते आणि पहिला तिथेच थांबतो. म्हणून कुणी मला विचारलं की यंदा कोणता चित्रपट जिंकेल, तर मी उलट विचारते, ‘तुमच्या ओळखीतल्या दहा वेगवेगळ्या आवडीच्या माणसांना दाखवला, तर किती जण त्याला पहिल्या तिनांत ठेवतील?’ समीक्षकांचे तारे आणि नामांकनांची संख्या मी त्यानंतर बघते.

2022 हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला 12 नामांकनं होती, ‘कोडा’ला फक्त 3. ‘कोडा’ला दिग्दर्शनाचं नामांकन नव्हतं, संकलनाचंही नव्हतं. जुन्या ठोकताळ्यांप्रमाणे अशा चित्रपटाचं नावही घ्यायचं नाही. ‘कोडा’ने तिन्ही नामांकनं जिंकली, सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट. ‘द पॉवर ऑफ द डॉग’कडे एकच पुरस्कार आला, जेन कॅम्पियनचा दिग्दर्शनाचा. त्या वर्षी निर्मात्यांच्या संघटनेने, म्हणजे पीजीएने, आधीच ‘कोडा’ला निवडलं होतं. पीजीएसुद्धा पसंतीक्रमानेच मोजणी करते. ती खूण डोळ्यांसमोर होती, आणि तरी कितीतरी जण नामांकनं मोजत बसले.

पण यावरून ‘कुणाला न दुखावणारा चित्रपटच जिंकतो’ असा नियम काढू नका. 2020 मध्ये ‘1917’कडे पीजीए, दिग्दर्शकांच्या संघटनेचा डीजीए, ब्रिटिश अकादमीचा बाफ्टा, सगळं होतं. जिंकला ‘पॅरासाइट’. तो काही सौम्य, सगळ्यांना गोंजारणारा चित्रपट नाही. तरी इंग्रजीत नसलेला चित्रपट पहिल्यांदाच सर्वोत्कृष्ट ठरला. ऑस्कर देणारी अकादमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही, त्यामुळे पुढचं सगळं माझा तर्क आहे. मला वाटतं, ज्याने ‘पॅरासाइट’ पाहिला त्याने तो खाली ठेवलाच नाही. प्रेम इतकं व्यापक असेल तर तीच पद्धत धाडसी चित्रपटाच्याही मदतीला येते.

आता इतर पुरस्कारांबद्दल. जानेवारीपासून एकामागोमाग एक सोहळे होतात आणि प्रत्येक सोहळ्यानंतर ‘आता चित्र स्पष्ट झालं’ असं म्हटलं जातं. माझं म्हणणं एवढंच, की कोण मत देतंय ते आधी बघा. गोल्डन ग्लोब्ज पत्रकार देतात, क्रिटिक्स चॉइस समीक्षक देतात. त्यांच्यापैकी जवळजवळ कुणीच अकादमीच्या मतदानात नसतं. गिल्डच्या, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनांच्या पुरस्कारांची गोष्ट वेगळी, कारण डीजीए, पीजीए आणि अभिनेत्यांची सॅग यांचे काही सदस्य अकादमीतही असतात. डीजीएचा विजेता आणि दिग्दर्शनाचं ऑस्कर यांची जोडी क्वचितच तुटते. 2013 मध्ये तुटली, कारण डीजीए मिळालेल्या बेन ॲफ्लेकला ऑस्करचं नामांकनच नव्हतं. 2020 मध्ये तुटली, कारण ‘1917’च्या सॅम मेंडिसऐवजी ‘पॅरासाइट’चे बाँग जून-हो जिंकले.

अभिनयाच्या विभागांत मात्र मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि सर्वांत जास्त जखमाही तिथल्याच आहेत.

2025 ची गोष्ट, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची. डेमी मूरला गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस आणि सॅग, तिन्ही मिळाले होते. मिकी मॅडिसनकडे बाफ्टा होता. सॅगच्या रात्री ग्रुपवर सगळ्यांनी मूरचं नाव पक्कं केलं. मी तारखा बघितल्या. ऑस्करचं मतदान 18 फेब्रुवारीला बंद झालं होतं आणि सॅगचा सोहळा झाला 23 फेब्रुवारीला. तिच्या त्या रात्रीच्या भाषणाने एकही मत हलणं शक्य नव्हतं. सॅगचा निकाल हा फक्त एक नमुना होता, अभिनेत्यांचा कल सांगणारा. आणि तो नमुनाही लाखाहून अधिक सदस्यांच्या संघटनेचा, तर अकादमीत सगळ्या शाखा मिळून मतदार दहा हजारांच्या आसपास. त्यात 2016 नंतर अमेरिकेबाहेरच्या सदस्यांची भर बरीच पडली आहे. म्हणून बाफ्टा वेगळं काही बोलला की मी कान देते.

मॅडिसन जिंकली. ‘मिळेल’ या रकान्यात मी तिचंच नाव लिहिलं होतं. दुसऱ्या रकान्यात डेमी मूर होती आणि अजूनही आहे. ‘द सबस्टन्स’मध्ये डेटला बाहेर पडण्याआधी आरशासमोर ती चेहऱ्यावरचा मेकअप पुन्हा पुन्हा पुसते, तो प्रसंग माझ्यासाठी त्या वर्षातला सर्वोत्तम अभिनय होता. निकालाने त्यात काडीचाही फरक पडला नाही.

पण ‘सॅगपेक्षा बाफ्टा खरा’ हा ठोकताळाही डोळे मिटून धरू नका. 2019 मध्ये ग्लेन क्लोजकडे सॅग आणि ऑलिव्हिया कोलमनकडे बाफ्टा, जिंकली कोलमन. 2024 मध्ये लिली ग्लॅडस्टोनकडे सॅग आणि एमा स्टोनकडे बाफ्टा, जिंकली स्टोन. 2023 मध्ये मात्र बाफ्टा केट ब्लँचेटला होता आणि ऑस्कर मिळालं सॅगवाल्या मिशेल योला. मग खरी खूण कोणती? माझ्या मते ती त्या कलाकाराचा चित्रपट किती जणांनी पाहिला आणि किती जणांना आवडला, ही. यो आणि मॅडिसन, दोघींचे चित्रपट त्याच रात्री सर्वोत्कृष्ट ठरले. कोलमनच्या ‘द फेव्हरिट’ला 10 नामांकनं होती, क्लोजच्या ‘द वाइफ’ला तिचं स्वतःचं एकच. हेही दर वेळी लागू पडत नाही. ब्रेंडन फ्रेझरचा ‘द व्हेल’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीतही नव्हता आणि तो जिंकला. पण मतदाराने काय पाहिलं असेल, हा प्रश्न ट्रॉफ्यांच्या बेरजेपेक्षा नेहमी जवळ नेतो.

2021 बद्दल लिहिताना अजूनही जड जातं. त्या वर्षी शेवटचा पुरस्कार सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ठेवलाच नाही, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ठेवला. त्यासाठी नामांकन असलेला चॅडविक बोसमन आदल्या ऑगस्टमध्ये वारला होता. ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, सॅग, सगळे त्याला मिळाले होते. जो तो त्या क्षणाची वाट बघत होता, मीसुद्धा. पाकिटातून नाव आलं अँथनी हॉपकिन्स यांचं. ते तिथे हजर नव्हते. कार्यक्रम तिथेच संपला. एका अंदाजापायी दोन कलाकारांवर अन्याय झाला असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. बोसमनच्या कामाची आठवण एका पराभवाला चिकटली. आणि ‘द फादर’मध्ये हॉपकिन्स यांनी जे केलंय, त्याबद्दल आनंदाने टाळ्या वाजवायला त्या रात्री कुणी उरलं नाही. त्यांच्याकडे बाफ्टा होता. त्यांचा चित्रपट सर्वोत्कृष्टच्या नामांकनांत होता, बोसमनचा नव्हता. खुणा होत्या. आम्हाला त्या बघायच्या नव्हत्या.

म्हणून ‘पक्कं’ हा शब्द मी लिहीत नाही. 1929 च्या पहिल्या सोहळ्यात विजेते तीन महिने आधीच ठाऊक होते. पुढे 1940 मध्ये एका वर्तमानपत्राने सोहळ्याआधीच नावं छापली आणि दुसऱ्या वर्षापासून बंद पाकिटं आली. ती बंद आहेत म्हणून तर आपण अंदाज बांधतो.

लघुपटांच्या विभागांबद्दल थोडंसं. तिथे बहुतेक जण नाव वाचून टिक करतात, आणि ग्रुपमधली पैज नेमकी तिथेच फिरते. कृपया ते लघुपट बघा, दोन संध्याकाळींचं काम आहे. 2023 मध्ये ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ मी नामांकनानंतर पाहिला आणि दोन्ही रकान्यांत तेच नाव लिहिलं. वहीत असं फार कमी वेळा झालंय. अकादमीने 98 व्या सोहळ्यापासून नियम केला, की ज्या विभागात अंतिम मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित चित्रपट मतदाराने पाहिलेले असले पाहिजेत. हा नियम किती वर्षं आधी यायला हवा होता! न बघता दिलेल्या मतावर एखाद्याच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीचा निकाल लागणं मला कधीच पटलं नाही.

तर यंदा यादी टाकाल तेव्हा दोन्ही रकाने भरा. आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासमोर तुमची पहिली तीन नावं क्रमाने लिहा. सोहळ्याच्या आदल्या रात्री मी आपल्या सगळ्यांच्या याद्या घेऊन अकादमीसारखीच मोजणी करणार आहे, एकेक चित्रपट बाद करत.